कोणता अंक आधी?

जेथे एरवी संतवाङ्मय, सहकार, फार तर धानावरील रोग यांविषयी ऐकायला मंडळी जमतात, तेथे आम्ही चित्रकथांचा विषय काढावा हे काहींना रुचणार नाही, याची आम्हांला कल्पना आहे. पण ज्या घरात दहा-पंधरा वर्षांचे मूल आहे त्या घरात थानोस, स्पायडरमॅन, कॅप्टन अमेरिका ही नावे आता आजोबांच्याही कानांवरून गेलेली असतात. २०१८ आणि २०१९ साली 'ॲव्हेंजर्स'चे दोन मोठे चित्रपट आले, आणि ते खेड्यापाड्यांतल्या फोनपर्यंत पोहोचले. मूल चित्रपट पाहते आणि म्हणते, मूळ चित्रकथा वाचायची आहे. येथे त्याची गाडी अडते. मूळ कथा सहा अंकांची आहे असे एकजण सांगतो. दुसरा म्हणतो, त्याआधीचे दोन अंक वाचल्याशिवाय हात लावू नकोस. तिसरा म्हणतो, त्याही आधी एका वेगळ्याच वीराच्या मासिकाचे दहा-बारा अंक हवेत. चौथा तर साठ-सत्तर अंकांची यादीच हातात ठेवतो. यादी पाहून पोर पुस्तक मिटवते आणि पुन्हा फोन उघडते.

वाचायला निघालेला माणूस दारातूनच परत जावा, आणि तोही कोणीतरी क्रमाचा बाऊ केला म्हणून, ही गोष्ट ग्रंथप्रेमी माणसांना सहन होण्यासारखी नाही. म्हणून हा क्रमाचा प्रश्न एकदा नीट उलगडून पाहावा, असे आम्हांला वाटले.

आधी हे प्रकरण आहे तरी काय, ते पाहू. अमेरिकेतील मोठ्या प्रकाशनसंस्था एकाच वेळी पुष्कळ मासिके चालवतात आणि प्रत्येक मासिकाचा नायक वेगळा असतो. पण हे सारे नायक एकाच जगात राहतात असे त्या संस्थांनी ठरवून टाकलेले आहे. मग केव्हातरी असे एक संकट येते की ते एकट्यादुकट्याला आवरणारे नसते. सगळे वीर एकत्र येतात. एक मुख्य कथा सात किंवा बारा अंकांत चालते, आणि तिचे धागे ज्याच्या त्याच्या मासिकात जाऊन पुन्हा बाहेर येतात. याला इंग्रजीत क्रॉसओव्हर म्हणतात. आपण त्याला संगमकथा म्हणू. आपली वैनगंगा पुढे चपराळ्याजवळ वर्धेला मिळते आणि दोघींची मिळून प्राणहिता होते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की नद्या एकदा मिळाल्या की पुन्हा वेगळ्या होत नाहीत. मासिकांना मात्र पुढच्या महिन्यात आपापल्या पात्रात परत जावे लागते. सगळा घोटाळा या परत जाण्यात आहे.

हा घोटाळा अमेरिकेने जन्माला घातला असे मात्र कोणी समजू नये. महाभारत घ्या. त्याची सुरुवात शंतनूपासून होत नाही, पांडवांच्या जन्मापासून तर नाहीच. नैमिषारण्यात सौती येतो, तो जनमेजयाच्या सर्पसत्राची हकीकत सांगतो, आणि त्या सत्रात वैशंपायनाने सांगितलेले भारत आपल्यापुढे येते. जनमेजय म्हणजे अर्जुनाचा पणतू. म्हणजे पांडवांचा वंश टिकला हे पहिल्या पानांतच उघड झाले, आणि युद्ध अजून कोठेच नाही! घटनांच्या क्रमाने लावायचे म्हटले तर हे सर्पसत्र पार शेवटी गेले पाहिजे.

याहून मोठे उदाहरण भीष्मपर्वात आहे, आणि रोज गीतेचा पाठ करणाऱ्या पुष्कळांच्या ते लक्षात नसते. संजय रणांगणावरून धृतराष्ट्राकडे येतो तो युद्धाच्या पहिल्या दिवशी नव्हे. दहा दिवसांचे युद्ध होऊन गेल्यावर तो येतो आणि आल्याबरोबर सांगतो की भीष्म पडले. वृद्ध राजा शोक करतो, पुन्हा पुन्हा विचारतो, आणि मग संजय पहिल्या दिवसापासून सांगू लागतो. त्या सांगण्यात गीता येते. म्हणजे अर्जुनाच्या रथाचे घोडे दोन सैन्यांच्या मध्ये उभे राहतात तेव्हा ऐकणाऱ्या धृतराष्ट्राला भीष्म शरपंजरी आहेत हे ठाऊक झालेले असते, आणि आपल्यालाही. पितामहांवर बाण कसा टाकू, हा अर्जुनाचा प्रश्न या जाणिवेमुळे किती जड होतो ते पाहावे. कोणी शहाण्याने 'घटनाक्रम लावून देतो' म्हणून भीष्मपतनाची बातमी उचलून दहाव्या दिवसावर नेऊन ठेवली, तर त्यातला एकही शब्द गळणार नाही, पण तो जडपणा जाईल.

संगमकथाही तेथे आहे. वनपर्वात सौगंधिक फुले आणायला निघालेल्या भीमाला वाटेत एक म्हातारा वानर शेपूट पसरून पडलेला दिसतो, तो हनुमान. एका महाकाव्याचा वीर दुसऱ्या महाकाव्यात आला. आता हा प्रसंग कळण्यासाठी आधी सबंध रामायण वाचावे लागते काय? लागत नाही. हनुमान स्वतःच भीमाला रामकथा थोडक्यात सांगतो, आणि त्याच पर्वात पुढे मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला ती विस्ताराने ऐकवतात. पाहुणा आपली शिदोरी बरोबर घेऊन आला. चांगल्या संगमकथेची ही पहिली खूण आहे, आणि ती कथा वडाखाली बसून सांगितलेली असो की रंगीत छापलेली, खूण बदलत नाही.

आता चित्रकथांकडे. मराठी वाचकाची या वीरांशी पहिली मोठी ओळख झाली ती वेताळामुळे. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. ते आधी इंग्रजीत आणि मग मराठीसह इतर भाषांतही निघू लागले, आणि १९९० पर्यंत चालले. ज्यांचे केस आता पांढरे झाले आहेत त्यांतल्या अनेकांनी अभ्यासाच्या पुस्तकात दडवून कवटीच्या गुहेतला तो मुखवटाधारी वाचला असेल. मूळ वेताळ ली फॉक या लेखकाचा. १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येथे सावलीस गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले होते आणि गांधीजी आले होते, हे या गावाला सांगायला नको. त्याच फेब्रुवारीच्या १७ तारखेला अमेरिकेतील वृत्तपत्रांत रोजची चित्रपट्टी म्हणून वेताळ प्रथम छापला गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण साल लक्षात ठेवायला बरे पडते.

तर वृत्तपत्रांत रोज चार चौकटी येणारी कथा इंद्रजालने अंकांत बसवली. बसवताना चौकटी कापल्या, काही गाळल्या, आणि लांब कथा दोन अंकांत तोडली. शिवाय जुन्या व नव्या कथा मिसळून दिल्या. अमेरिकेत जी कथा आधी आली ती येथे मागाहून आली, जी मागाहून आली ती आधी. तरी आपले काही अडले नाही. त्याचे कारण कथेच्या घडणीत आहे. वेताळ मरत नाही असा जंगलातल्या लोकांचा समज. खरे पाहता बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो, आणि आपण वाचतो तो एकविसावा. उशिरा आलेल्या वाचकासाठी कवटीवर हात ठेवून घेतलेल्या त्या १५३६ सालच्या शपथेची हकीकत थोडक्यात पुन्हा सांगितली जाते. प्रत्येक गोष्ट आपापल्या पायांवर उभी असते. १९७७ च्या डिसेंबरात वृत्तपत्रांत वेताळाचे डायनाशी लग्न लागले, तेव्हा फॉकचाच दुसरा मानसपुत्र जादूगार मँड्रेक त्या लग्नाला पाहुणा म्हणून आला. तो कोण हे ठाऊक नसलेल्या वाचकाचेही काही बिघडत नव्हते; लग्नघरात सगळेच पाहुणे कोठे ओळखीचे असतात?

तेव्हा पहिली गोष्ट ही की क्रमाचा प्रश्न सगळ्याच चित्रकथांना लागू नाही. वेताळाचा अंक हाताला लागेल तो वाचावा. ज्या कथेची रचनाच क्रमावर उभी आहे तिच्याबाबतच हा खटाटोप.

अशा कथा हळूहळू आल्या. १९४० साली एका मासिकात आगीचा वीर ह्यूमन टॉर्च आणि पाण्याचा वीर सब-मरिनर यांची गाठ घालून दिली गेली. त्याच वर्षाच्या हिवाळी अंकात दुसऱ्या एका मासिकाने आपले वीर एका टेबलाभोवती बसवले. १९६१ साली फ्लॅश हा वेगवान धावणारा वीर दुसऱ्याच एका पृथ्वीवर जाऊन पोहोचला, जेथे पूर्वीच्या पिढीतला जुना फ्लॅश राहत होता. तेथून 'अनेक पृथ्वी' ही कल्पना रुजली. दोन पृथ्वींवरील वीरांच्या भेटी १९६३ पासून दरवर्षी होऊ लागल्या. पण या भेटी एक-दोन अंकांत आटपत. आज ज्याला आपण महामेळा म्हणू तसली बारा अंकांची कथा १९८४ साली आली, आणि तिच्या मागे व्यापार होता हे लपवण्याचे कारण नाही. मार्व्हल संस्थेने 'सीक्रेट वॉर्स' काढले ते मॅटेल या खेळणी करणाऱ्या कंपनीशी झालेल्या कराराला जोडून. लेखक जिम शूटर, मुख्य चित्रकार माइक झेक. व्यापारासाठी लिहिलेले म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. आमची संगीत नाटकेही तिकिटांवरच चालली.

या कथेतील एक धागा आम्ही जरा सविस्तर सांगतो, कारण क्रमाचे सारे मर्म त्यात आहे.

'सीक्रेट वॉर्स'च्या आरंभी अमेरिकेतील वीरांना एक अज्ञात शक्ती उचलून दूरच्या एका ग्रहावर नेऊन टाकते. तेथे खलपुरुषही आणून ठेवलेले असतात, आणि दोघांनी लढायचे असते. ही लढाई सांगायला प्रकाशकांना पुरे एक वर्ष लागणार होते: मे १९८४ ते एप्रिल १९८५ या तारखांचे बारा अंक. पण प्रत्येक वीराचे स्वतःचे मासिक वर्षभर बंद ठेवणे परवडणारे नव्हते. मग त्यांनी एक धाडस केले. एप्रिल १९८४ च्या सुमाराच्या अंकांत वीर नाहीसे होतात आणि लगेच पुढच्या अंकात परतही येतात! लढाई झाली, संपली. पण काय झाले ते वाचकाला ठाऊक नाही. 'फँटॅस्टिक फोर' या चौकडीतला दगडी देहाचा थिंग परत आला नाही, त्याच्या जागी हिरवी शी-हल्क उभी. आणि 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या २५२ व्या अंकात स्पायडरमॅन परतला तो लाल-निळ्या पोशाखात नव्हे, तर काळ्या पोशाखात.

हा काळा पोशाख आला कोठून? वाचक महिनोन्महिने वाट पाहत राहिला. मध्यंतरी स्पायडरमॅनच्या स्वतःच्या मासिकात त्या पोशाखाची लक्षणे दिसू लागली. तो मनात आणताच अंगावर चढतो. रात्री झोपेतही त्याला फिरवून आणतो. माणूस सकाळी थकलेला उठतो. शेवटी २५८ व्या अंकात रीड रिचर्ड्स हा शास्त्रज्ञ तपासणी करून सांगतो की हे कापड नाही, हा जिवंत प्राणी आहे आणि तो तुला कायमचा चिकटू पाहतो आहे. या अंकावर नोव्हेंबर १९८४ असे छापले आहे. आणि तो पोशाख मुळात कसा मिळाला हे सांगणारा 'सीक्रेट वॉर्स'चा ८ वा अंक आहे डिसेंबर १९८४ चा.

त्या ८ व्या अंकात काय आहे? लढाईत कपडे फाटलेला स्पायडरमॅन नवे कपडे देणाऱ्या यंत्राच्या शोधात जातो. एका यंत्रातून एक काळा गोळा बाहेर येतो, त्याच्या हातावर पसरतो, अंगभर चढतो. तो खूश होतो. चित्रात भीतिदायक असे काही नाही, संवाद हसतेखेळते आहेत. पण ज्याने आदल्या महिन्यात २५८ वा अंक वाचला आहे त्या वाचकाच्या अंगावर काटा येतो. त्याला ओरडून सांगावेसे वाटते, अरे, टाक तो! आणि सांगता येत नाही, कारण हे होऊन गेलेले आहे.

आता 'घटनाक्रम' लावणारा यादीवाला काय करतो ते पाहा. तो म्हणतो, लढाई आधी झाली, म्हणून बाराही अंक आधी वाच, आणि मग २५२ वा घे. तर्काने त्याचे बरोबर आहे. पण त्याच्या वाटेने गेलेल्या वाचकाला ८ व्या अंकात एक नवा पोशाख तेवढा दिसतो, आणि २५२ व्या अंकात काहीच नवल वाटत नाही. दोन्हीकडून तो नागवला गेला. कर्ण कुंतीचा मुलगा हे आपल्याला आदिपर्वापासून ठाऊक आहे आणि युधिष्ठिराला ते युद्ध संपल्यावर, मृतांना पाणी देताना कळते. या दोन वेळांमधल्या अंतरातच सगळी करुणा भरलेली आहे. कोणाला काय केव्हा कळावे हे ठरवणे, हीच कथा सांगणाऱ्याची कारागिरी. यादीवाला ती पुसून टाकतो आणि वर म्हणतो, मी सोपे करून दिले!

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. पहिले वाचन प्रकाशनाच्या क्रमाने करावे. अंक ज्या क्रमाने लोकांच्या हाती पडले, त्या क्रमाने. घटनाक्रम दुसऱ्या वाचनासाठी ठेवावा. तेव्हा त्यात गंमत आहे, कारण तेव्हा आपण शिवण उसवून आतला टाका पाहत असतो.

घटनाक्रम लावणे मुळात शक्यच नाही अशीही कथा असते. डीसी या प्रतिस्पर्धी संस्थेने १९८५-८६ साली 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही बारा अंकांची कथा काढली. लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ. १९६१ पासून वाढत गेलेल्या पृथ्वींचा पसारा इतका झाला होता की कोणता वीर कोणत्या पृथ्वीवर राहतो याचा हिशेब ठेवणे अवघड झाले. तेव्हा एक महासंकट आणून साऱ्या पृथ्वींची एकच पृथ्वी करून टाकायची, असा बेत. यात फ्लॅश मरतो. ८ व्या अंकात तो विश्वनाशक तोफेभोवती इतक्या वेगाने धावतो की त्याचे शरीर झिजत जाते, आणि मागे उरतो रिकामा पोशाख. पण दुसऱ्या अंकातच बॅटमनपुढे एक विरत चाललेली आकृती क्षणभर उभी राहते, काही सांगू पाहते आणि नाहीशी होते. तो फ्लॅशच, आपल्या मृत्यूच्या धावेत काळाच्या पार जाऊन मागे आलेला. आता हा प्रसंग घटनाक्रमात कोठे लावायचा? बॅटमनच्या दृष्टीने तो आधीचा आहे, फ्लॅशच्या दृष्टीने शेवटचा. यादी फाडून टाकण्याखेरीज गत्यंतर नाही.

या कथेसाठी बाहेरचा एकच अंक मात्र आम्ही आग्रहाने वाचायला सांगू: फ्लॅशच्या स्वतःच्या मासिकाचा ३५० वा, म्हणजे शेवटचा अंक, ऑक्टोबर १९८५ चा. त्यात दीर्घ खटल्यातून सुटलेला फ्लॅश तिसाव्या शतकात आपल्या पत्नीजवळ जातो आणि दोघे सुखाने राहू लागतात. मूळ वाचकाने ते सुख वाचले तेव्हा दुसऱ्या अंकातली ती विरणारी आकृती त्याने पाहिलेली होती, आणि पुढच्याच महिन्याच्या अंकात तो रिकामा पोशाख त्याची वाट पाहत होता. 'क्रायसिस'चे पहिले सात अंक, मग हा ३५० वा, मग ८ वा, अशा क्रमाने वाचावे. बाकीच्या मासिकांत जे धागेदोरे आहेत त्यांच्यावाचून काही अडत नाही.

येथे मुख्य अंक आणि जोड-अंक यांचा प्रश्न येतो, आणि हा प्रश्न खिशाचाही आहे. संगमकथा जाहीर झाली की प्रकाशक डझनावारी मासिकांच्या मुखपृष्ठांवर तिचा शिक्का मारतो. शिक्का असलेला प्रत्येक अंक आवश्यक असतो असे नाही. कित्येकदा आत एका चौकटीत आभाळ लाल झाल्याचे दाखवतात आणि पुढे त्या मासिकाची आपली नेहमीची गोष्ट चालू राहते. जत्रेतल्या प्रत्येक दुकानावर देवाचे चित्र असते, म्हणून प्रत्येक दुकान देऊळ होत नाही.

आवश्यक अंक ओळखायचा कसा? मुख्य अंक ओळीने वाचत जावे. जेथे कथेने अडवले, म्हणजे एखादा माणूस मागच्या पानावर धडधाकट होता आणि पुढल्या पानावर जखमी आहे, मधले काही दाखवलेलेच नाही, तेथे चौकटीच्या तळाशी तारांकित टीप पाहावी. संपादक तेथे बहुधा लिहितो की हे अमुक मासिकाच्या अमुक अंकात घडले. कुतूहल असेल तर तो अंक शोधावा, नसेल तर पुढे जावे. टीप ही वाटेवरची पाटी आहे, पोलिसाचा हुकूम नव्हे.

तारखांविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अमेरिकन मासिकावर छापलेला महिना हा विक्रीचा महिना नसतो. तो बहुधा दोन-तीन महिने पुढचा असतो, म्हणजे दुकानदाराने अंक शिळा समजून लवकर मांडणीवरून काढू नये. (आपल्याकडे उलट प्रकार: दिवाळी अंक कधी कधी तुळशीच्या लग्नाला येतो.) एकाच प्रकाशकाची दोन मासिके असली तर छापलेल्या महिन्यांवरून क्रम बव्हंशी बरोबर लागतो, एकाच महिन्याचे दोन अंक समोर आले, तर मुख्य कथेचा आधी घ्यावा आणि पुढे चालावे. आकाश कोसळत नाही.

प्रकाशनाचा क्रमच सदोष निघाला असेही घडते, आणि तेथे आमचा नियम आम्ही सोडून देतो. मार्व्हलची २००६-०७ ची 'सिव्हिल वॉर' ही सात अंकांची कथा घ्या. लेखक मार्क मिलर, चित्रकार स्टीव्ह मॅकनिव्हन. स्टॅमफर्ड नावाच्या गावी काही उथळ तरुण वीरांच्या कारवाईत स्फोट होतो, शाळकरी मुले मरतात, आणि सरकार कायदा करते की प्रत्येक मुखवटाधारी वीराने आपले नाव नोंदवावे आणि सरकारच्या हाताखाली काम करावे. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरुद्ध. प्रश्न खरोखर विचार करण्याजोगा आहे, आणि ही गोष्ट मोठ्या माणसांनीही वाचावी. पण मुख्य अंकांची चित्रे वेळेवर तयार होईनात. अंक लांबणीवर पडले, आणि पुढचे रहस्य फुटू नये म्हणून इतर मासिकेही थांबवावी लागली. शेवटचा अंक फेब्रुवारी २००७ मध्ये दुकानांत आला. तेव्हा येथे बाजारात आलेला क्रम म्हणजे सांगणाऱ्याचा क्रम नव्हे, तो छापखान्याच्या अडचणींचा क्रम आहे. या कथेचे सात मुख्य अंक एकत्र पुस्तकरूपाने घ्यावेत, सलग वाचावेत, आणि मग आपल्या आवडीच्या एखाद्या वीराच्या मासिकातला धागा धरावा. 'कॅप्टन अमेरिका'चा २५ वा अंक मात्र सर्वांत शेवटी. तो मार्च २००७ मध्ये आला, आणि त्यात न्यायालयाच्या पायऱ्यांवर जे घडते ते आम्ही येथे सांगणार नाही.

येथे काही जाणकार आक्षेप घेतील की आम्ही वाचकाला अर्धवट वाचायला शिकवत आहोत. शंभर अंकांची कथा असेल तर शंभर वाचल्यावाचून ती कळली असे म्हणता येणार नाही. आम्हांला हे पटत नाही. झाडीपट्टीत रात्रभर चालणाऱ्या नाटकाला कोणी दहाला येतो, कोणी जेवणे आटपून बाराला येतो. उशिरा आलेला शेजाऱ्याला हळूच विचारतो, 'आतापर्यंत काय झालं, भाऊ?' आणि दोन वाक्यांत जे कळते त्यावर पहाटेपर्यंत रमतो. त्याला कोणी हाकलून देत नाही. मूळ मासिकांचे वाचक तरी कोठे सगळे अंक वाचत होते? ज्याच्या गावातल्या दुकानात जो अंक आला तो त्याने घेतला. लेखकांना हे ठाऊक होते, आणि म्हणूनच प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानांत मागील हकीकत गुंफण्याची रीत पडली. सगळे वाचण्याचा आग्रह हा संग्रह करणाऱ्यांचा आहे. तो छंद चांगला, पण त्याची सक्ती नव्या वाचकावर नको.

आरंभी ज्या मुलाचे उदाहरण घेतले त्याला आम्ही काय देऊ? चित्रपटातला थानोस ज्या कथेतून घेतला ती 'इन्फिनिटी गाँटलेट' १९९१ ची, सहा अंकांची; लेखक जिम स्टारलिन, चित्रे जॉर्ज पेरेझ आणि रॉन लिम यांची. तिच्या आधी स्टारलिननेच १९९० साली 'थानोस क्वेस्ट' नावाचे दोन अंक लिहिले, ज्यांत थानोस ती सहा रत्ने एकेक करून मिळवतो. हे दोन आणि ते सहा, असे आठ अंक. ते दोन मिळाले नाहीत तर नुसते सहा. सिल्व्हर सर्फरच्या मासिकातून ही कथा उगवली हे खरे, आणि पुढे आवड लागली तर तिकडे जावे; पण नदी कोठे उगम पावली हे पाहून आल्याशिवाय घाटावर आंघोळ करायची नाही, असा नियम कोणी केलेला नाही. भाषा इंग्रजी असल्याने आरंभी वेग कमी राहील. एका बैठकीत एक अंक पुरे. आणि घरातल्या कोणी मोठ्याने तो बरोबर बसून वाचला तर फारच चांगले. वनपर्वातल्या हनुमानाची आठवण त्या वेळी काढायला हरकत नाही.

राहिला प्रश्न गावोगावच्या वाचनालयांचा. पुष्कळ ठिकाणी कोपऱ्यातल्या कपाटात वेताळाचे जुने मराठी अंक दोरीने बांधून ठेवलेले असतात, आणि कोणी हौशी माणूस ते मूळ वृत्तपत्रांच्या तारखांप्रमाणे लावायला निघतो. ते करू नये. इंद्रजालचा जो क्रमांक मुखपृष्ठावर आहे त्याच क्रमाने लावावेत, कारण दोन अंकांत तोडलेल्या कथेचे दोन भाग त्या क्रमांकानेच एकत्र सापडतात. एखाद्या कथेचा उत्तरार्ध हरवला असेल तर पूर्वार्धाच्या शेवटच्या पानाला तशी चिठ्ठी लावून ठेवावी, म्हणजे वाचणारा मुलगा पुढचे अंक चाळत संध्याकाळ घालवणार नाही.